पाठ आणि आठवण
('अस्तु' व 'गोधि बण्ण साधारण मैकट्टु' या दोन चित्रपटांचा एकत्र विचार)

एकाच विषयावर दोन भाषांत थोड्या काळाच्या अंतराने दोन कलाकृती निर्माण व्हाव्यात, आणि त्या दोन्ही भाषा एकाच गावच्या बाजारात कानी पडाव्यात, असा योग टीकाकाराच्या वाट्यास क्वचितच येतो. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा मराठी चित्रपट २०१३ सालचा. हेमंत राव यांचा 'गोधि बण्ण साधारण मैकट्टु' हा कन्नड चित्रपट २०१६ सालचा. दोहोंचा विषय वृद्धाची नष्ट होत जाणारी स्मृती हा आहे. पुण्यात 'अस्तु'ची चर्चा झाली ती मराठीपुरती, आणि बंगळुरात दुसऱ्याची झाली ती कन्नडपुरती. निपाणी-बोरगावच्या पट्ट्यात राहणाऱ्या रसिकाला मात्र दोन्ही चित्रपट दुभाष्यावाचून पाहता येतात. म्हणून त्यांची तुलना करण्याचा अधिकार आणि जबाबदारी त्याच्याकडे आपोआप येते.

कथानकांचा सांगाडा विलक्षण सारखा आहे. 'अस्तु'चे नायक डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे निवृत्त पंडित. मुलीने थोड्या वेळापुरते मोटारीत बसवून ठेवले असता रस्त्याने जाणाऱ्या हत्तीच्या ओढीने ते उतरून चालू लागतात आणि शहरात हरवतात. कन्नड चित्रपटातील वेंकोबराव हे शुश्रूषागृहात ठेवलेले वृद्ध गृहस्थ. दूरच्या नोकरीतून आलेला मुलगा त्यांना बाहेर नेतो, त्याचे लक्ष क्षणभर ढळते आणि बाप दिसेनासा होतो. दोन्हीकडे अपत्याची काही क्षणांची बेसावधी, दोन्हीकडे पोलिसांत वर्दी, दोन्हीकडे शोधाच्या निमित्ताने अपत्याला होणारी पित्याची नवी ओळख. तथापि साम्य येथेच संपते. दोन्ही दिग्दर्शकांनी त्या हरवण्यातून काय पाहिले, हाच खरा परीक्षणाचा विषय होय.

त्याआधी आपल्या भाषांनी या विषयाकडे आजवर कसे पाहिले ते ध्यानी घ्यावे. मराठीने 'साठी बुद्धी नाठी' म्हणून प्रश्न निकालात काढला. कन्नडमध्येही 'अरवत्तक्के अरळु-मरळु' अशी म्हण आहे. साठीला माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो, हा तिचा भाव. मातृभाषा मराठी असूनही कन्नडचे महाकवी ठरलेले द. रा. बेंद्रे यांनी हेच शब्द आपल्या संग्रहाच्या मस्तकी घातले, आणि 'अरळु मरळु'ला १९५८ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. अरळणे म्हणजे उमलणे आणि मरळणे म्हणजे परतणे. म्हातारचळ म्हणून हिणवलेल्या वयाला कवीने श्लेषाने पुन्हा फुलण्याचा मान दिला. कोंकणीत तर वृद्धाला 'जाण्टो' म्हणतात, आणि त्या शब्दात ऐकणाऱ्याला जाणतेपणच ऐकू येते. म्हण हसते, कवी गौरव करतो, बोली आदर देते. पण तिन्ही ठिकाणी विसरणे हा वयाचा धर्मच मानला गेला आहे. तो आजार असू शकतो, ही शक्यता भाषेतच शिल्लक उरत नाही. पांढऱ्या केसांप्रमाणे स्मृतिनाशही येणारच, असे एकदा ठरले की त्याची चौकशी कोण करणार?

वस्तुस्थिती निराळी आहे. आलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्याने १९०६ साली ज्या रुग्णेची हकीकत वैद्यांच्या सभेपुढे मांडली, ती १९०१ मध्ये रुग्णालयात दाखल झाली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. हा आजार वयाबरोबर अधिक आढळतो हे खरे. परंतु तो वय नव्हे. साठी उलटलेले बहुसंख्य लोक त्यातून मुक्तच असतात. भारतात झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या व्यापक पाहणीनुसार साठ वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण शेकडा ७.४ असून अशा रुग्णांची संख्या सुमारे ८८ लाख आहे. म्हणजे शेकडा ९२ हून अधिक वृद्धांवर ती म्हण अन्याय करते, आणि उरलेल्यांवर त्याहून मोठा. कारण त्यांच्या आजाराला ती आजार म्हणूच देत नाही.

'अस्तु'चा सर्वांत मोठा गुण येथे प्रकट होतो. नायकाला संस्कृत पंडित करण्यात भावे-सुकथनकरांनी केवळ भारदस्त वातावरण साधले, असे वरवर वाटेल. वास्तविक ती निवड म्हणजे चित्रपटाचा गाभा आहे. शास्त्रीबुवांना आपली मुलगी ओळखू येत नाही, पण श्लोक मुखातून अस्खलित बाहेर पडतात. प्रेक्षक पहिल्यांदा चकित होतो, मग त्याला आशा वाटते, आणि शेवटी त्याला उमगते की हे पाठांतर आहे, ही आठवण नव्हे. आयुष्यभर सहस्रदा घोळलेला पाठ मेंदूत एका मार्गाने रुजलेला असतो आणि आज सकाळी काय घडले याची नोंद दुसऱ्या मार्गाने होते. ही नवी नोंद करणारा भाग मेंदूच्या आतील बाजूस, कानशिलांच्या आत असतो; त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. अल्झायमरच्या आजाराचा पहिला आघात बहुधा त्याच्यावर व त्याच्या लगतच्या भागावर होतो. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचा पाठ शाबूत राहतो आणि तासापूर्वीचे जेवण पुसले जाते.

देवळाच्या सभामंडपात ज्यांचे आयुष्य गेले, अशा वाचकांना या सत्याचे गांभीर्य निराळे सांगावयास नको. आपल्याकडे वृद्धाच्या बुद्धीची परीक्षा पाठाने होते. आजोबा विष्णुसहस्रनाम एकही नाम न चुकता म्हणतात, आजी सगळ्या आरत्या तोंडपाठ म्हणते, मग त्यांच्या स्मरणशक्तीला काय धाड भरली आहे, असे आपण म्हणतो. तेच आजोबा आरती आटोपल्यावर 'प्रसाद मिळाला का?' हा प्रश्न तीनदा विचारतात, त्याकडे मात्र आपण हसून दुर्लक्ष करतो. जेथे पाठाला मान आहे तेथे आजाराला लपावयास सर्वांत सोयीची जागा मिळते. 'अस्तु' हे लपणे उघडे पाडतो, आणि ते उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता. यास्तव मंदिर-संस्कृतीतील प्रेक्षकासाठी हा चित्रपट इतर कोणाहीपेक्षा अधिक अगत्याचा आहे, असे माझे मत आहे.

मराठी रसिकाने या चित्रपटाकडे पाहताना आणखी एक जुनी सवय बाजूस ठेवली पाहिजे. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून वृद्धाचे दुःख म्हटले की आपण अपराधी अपत्य शोधू लागतो. गणपतराव बेलवलकरांच्या मुखीही भूमिकांची स्वगते शेवटपर्यंत उरतात. येथवर शास्त्रीबुवांशी त्यांचे नाते आहे. पण त्या नाटकातील आग बाहेरून लागते, माणसांच्या कृतघ्नपणातून लागते. 'अस्तु'मध्ये खलपुरुष नाही. इरावती हर्षे यांनी साकारलेली मुलगी थकते, चिडते, स्वतःला दोष देते. परंतु तिला दोषी ठरवून प्रेक्षकाला मोकळे होता येत नाही. दोषी कोणी नसताना दुःख असू शकते, हे शोकांतिकेच्या आपल्या परिचित व्याख्येत बसत नाही, आणि म्हणूनच काहींना हा चित्रपट संथ वाटला असावा. वस्तुतः त्याचे धैर्य त्या संथपणात आहे. शेजारच्या घरात एखादा वृद्ध गोंधळलेला दिसला की 'सून बघत नाही' असे म्हणून निकाल देणारा समाज 'नटसम्राट'च्या प्रेक्षागृहातून अद्याप उठलेला नाही.

हत्तीमागे गेलेल्या शास्त्रीबुवांना आसरा मिळतो तो माहुताच्या पालात. माहुताची बायको चन्नम्मा ही कन्नडभाषक, अशिक्षित, दरिद्री स्त्री. ते तिला आई म्हणू लागतात आणि ती त्यांना लेकरासारखे सांभाळते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना आणि संवादांसाठी सुमित्रा भावे यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, ते सर्वथा योग्य होय. सीमाभागातील प्रेक्षकाला या प्रसंगात जे दिसते ते पुणेकर समीक्षकांच्या नजरेतून सुटण्याजोगे आहे. मराठी पंडित आणि कन्नड माउली यांच्यामध्ये भाषा हा अडसर होत नाही, कारण पंडिताच्या ठिकाणी आता अर्थापेक्षा स्वर अधिक जिवंत आहे. आजार ओळखण्यास विद्या लागते. आजाऱ्याला जवळ घेण्यास ती लागत नाही. मात्र येथे एक सावधगिरी हवी. चन्नम्माचे वात्सल्य एका रात्रीचे आहे, इराचे ओझे अनेक वर्षांचे. एका रात्रीच्या मायेने वर्षांच्या शुश्रूषेला लाज आणावी, असा भाव प्रेक्षकाच्या मनात उत्पन्न होण्याचा धोका चित्रपट पुरता टाळू शकलेला नाही.

भाषेचा विषय निघालाच आहे, तर आपल्या द्वैभाषिक वाचकांसाठी एक नोंद येथे करणे उचित ठरेल. हैदराबाद येथे ६४८ रुग्णांचा अभ्यास होऊन २०१३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकच भाषा बोलणाऱ्यांच्या तुलनेत दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे त्यात आढळले; निरक्षर माणसांतही हा फरक दिसला. यावरून दोन भाषा म्हणजे कवचकुंडले, असे कोणी समजू नये; लक्षणे उशिरा दिसली म्हणजे आजार टळला असे नव्हे. परंतु घरात कोंकणी, देवळात मराठी आणि कचेरीत कन्नड असे जगणाऱ्यांनी आपल्या या ठेव्याकडे कटकट म्हणून पाहू नये, एवढे खास. आजार पुढे सरकतो तेव्हा मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी निसटते आणि आईच्या मांडीवरची भाषा मागे राहते. मराठीत वाढलेल्या नातवाने आजीची कोंकणी टाकून दिली असेल, तर एके दिवशी आजीशी बोलावयास घरात कोणीच उरणार नाही.

आता कन्नड चित्रपटाकडे वळू. त्याच्या नावाचा अर्थ 'गव्हाळ वर्ण, मध्यम बांधा' असा आहे. हरवलेल्या माणसाच्या जाहिरातीतले हे ठरीव शब्द शीर्षकस्थानी ठेवण्यात दिग्दर्शकाची मार्मिकता दिसते. बापाचे वर्णन सांगताना मुलाजवळ याहून अधिक काय आहे? चित्रपट पुढे सरकतो तसा त्या ठरीव वर्णनात एकेक तपशील भरला जातो. बापाची स्मृती रिती होत असताना मुलाची भरत जाते. ही रचना 'अस्तु'पेक्षा अधिक बांधेसूद आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. वेंकोबरावांची भूमिका अनंत नाग यांनी केली आहे. चित्रापूर सारस्वत कुळात जन्मलेला, मुंबईत कोंकणी, कन्नड व मराठी रंगभूमीवर घडलेला हा नट आपल्या वाचकांना परका नाही. ते वेड दाखवीत नाहीत, दाखवितात ती सभ्यता. समोरच्याला आपण ओळखत नाही हे लपविण्यासाठी माणूस जे सौजन्याचे स्मित करतो, ते त्यांच्या मुद्रेवर सतत आहे. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. त्यांच्या शास्त्रीबुवांत निरीक्षणाची अचूकता आहे. अनंत नागांच्या अभिनयात त्या स्मिताची करुणा आहे. दोहोंत डावे-उजवे करण्याची आवश्यकता नाही. दोष आहे तो कथानकात. गुन्हेगारांचे उपकथानक बाहेरून आणलेले आहे. विस्मृतीचे भय पुरेसे वाटले नाही म्हणून पिस्तुलाचे भय जोडावे, तसे ते वाटते.

याहून गंभीर आक्षेप दोन्ही चित्रपटांवर समान आहे. दोहोंचा आरंभ हरवण्यापाशी होतो. त्याआधीची वर्षे मागे वळून, तुकड्यातुकड्यांनी सांगितलेली आहेत. पडद्याला रस्ता हवा, गर्दी हवी, शोध हवा. देवघरात दिवा लावून पुन्हा काड्यापेटी शोधणाऱ्या माणसात नाट्य कोठले! परंतु आजाराचे खरे नाट्य तेथेच आहे, कारण तेथे अजून काही करता येते. ब्लेसी यांचा 'तन्मात्रा' हा २००५ सालचा मल्याळी चित्रपट या बाबतीत सरस ठरतो. त्यातील सचिवालयाचा कर्मचारी ऐन उमेदीत आहे, आणि महत्त्वाची कचेरीची फाईल त्याच्याकडून घरातल्या शीतकपाटात ठेवली जाते. एवढीशी घटना पाहताना जे भय वाटते ते हत्ती आणि पिस्तूल मिळूनही निर्माण करीत नाहीत. मराठी वा कन्नड चित्रपटाने हा पहिला अंक अद्याप मनापासून लिहिलेला नाही.

दुसरा आक्षेप असा की तिन्ही चित्रपटांत विसरणारा पुरुषच आहे, आणि तो शिकलेला आहे. वर उल्लेखिलेल्या पाहणीत स्त्रियांमधील प्रमाण शेकडा ९, तर पुरुषांतील ५.८ आढळले, खेड्यांत ८.४, तर शहरांत ५.३. म्हणजे ज्या व्यक्तीवर हा घाला अधिक पडतो ती ग्रामीण वृद्धा पडद्यावर नाहीच. तिची स्मृती श्लोकांत नसते, हातांत असते. नैवेद्याच्या स्वयंपाकाचा क्रम, सोवळ्याचे नियम, कोणाच्या घरचे वाण परत करावयाचे, कोणाची ओटी भरावयाची, हा तिचा ग्रंथ. त्याचे पान गळाले की सून मुकाट्याने ते काम आपल्याकडे घेते. आमटीत मीठ दोनदा पडले की 'आता तुम्ही बसा' म्हणून तिला आदराने चुलीपासून दूर करतात. पंडित विसरला की शोककथा होते. आजी विसरली की तिला विश्रांती मिळते. त्या विश्रांतीआड आजार वर्षानुवर्षे दडून राहतो.

येथे एका शब्दाचाही विचार करावयास हवा. या आजाराला आपण 'स्मृतिभ्रंश' म्हणतो. हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आला आहे, आणि तेथे तो विषयचिंतन, आसक्ती, काम, क्रोध, संमोह अशा अधःपाताच्या साखळीतील एक कडी आहे. तेथील स्मृती म्हणजे विवेकाची, कर्तव्याची जाण. मेंदूतील पेशींचा ऱ्हास तेथे अभिप्रेत नाही. वैद्यकाने शब्द घेतला, पण ऐकणाऱ्याच्या कानात जुना अर्थ घुमत राहतो. धार्मिक घरात 'वडिलांना स्मृतिभ्रंश झाला' असे म्हणताना जीभ अडखळते, जणू त्यांच्या साधनेतच काही उणे राहिले. शास्त्रीबुवांसारख्या सदाचारी विद्वानाला हा आजार जडलेला दाखवून 'अस्तु'ने हा संशयही दूर केला, हे त्याचे श्रेय मोठे आहे. आजार शीलाची परीक्षा पाहून येत नाही.

कोणी विचारील की कलाकृतीच्या परीक्षणात या वैद्यकाचे प्रयोजन काय? प्रयोजन एवढेच की हे चित्रपट पाहून डोळे पुसणारा प्रेक्षक घरी जाऊन काय पाहतो, यावर त्यांचे मोल ठरावयाचे आहे. नाव आठवले नाही आणि संध्याकाळी आठवले, ही विसर सर्वांचीच. काल झालेले लग्नच आठवत नाही, एकाच बैठकीत तोच प्रश्न पुनःपुन्हा येतो, रोजच्या देवळावरून घरी येणारी वाट चुकते, वर्गणीचा हिशेब ज्याने वीस वर्षे राखला त्याला बेरीज जमत नाही, ही चिन्हे वेगळी आहेत. वैद्याकडे जाण्यास तेवढी पुरेत. सर्वच विस्मृती असाध्य नसते. ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव शाकाहारी घरांत पुष्कळ आढळतो. तो अभाव, गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे मांद्य, खिन्नता, झोपेची औषधे, पडल्यामुळे डोक्यात साकळलेले रक्त, यांपैकी कोणतेही कारण निघाले तर उपचार होऊ शकतो. अल्झायमरच निघाला तर तो समूळ बरा करणारे औषध आज नाही. परंतु वेळीच कळले तर माणूस स्वतःच्या तोंडाने आपली इच्छा सांगू शकतो, मृत्युपत्र करू शकतो, ज्याची क्षमा मागावयाची त्याची मागू शकतो. उशीर झाला म्हणजे हा अधिकार त्याच्याकडून कायमचा जातो, आणि त्याच्या वतीने दुसरेच बोलू लागतात.

या दृष्टीने तोल पाहू जाता रचनेत कन्नड चित्रपट उजवा आणि दृष्टीत मराठी चित्रपट खोल, असा माझा निर्णय आहे. 'गोधि बण्ण' मुलाला बाप परत मिळवून देतो. 'अस्तु' बाप जसा उरला आहे तसा स्वीकारावयास सांगतो, आणि त्याच्या नावातला होकार तोच आहे. सुमित्रा भावे २०२१ साली निवर्तल्या. 'देवराई'पासून 'कासव'पर्यंत मनाच्या आजारांना माणुसकीने पडद्यावर आणणारी त्यांच्याइतकी सातत्याची दृष्टी मराठीत दुसरी नाही. त्यांनी अर्धवट ठेवलेला पहिला अंक लिहिण्यास आता दुसऱ्या कोणी पुढे यावे. तो सीमेवरच्या एखाद्या घरातला असला, आजीचा असला, आणि दोन-तीन भाषांत बोलणारा असला तर उत्तमच. तोपर्यंत सभामंडपात आजोबांचा पाठ ऐकताना मान डोलवावी, आणि पाठ संपल्यावर त्यांच्यापाशी बसून आज सकाळी काय झाले ते विचारावे.